डायव्हिंगनंतरच्या जोर-बैठका आणि दुखरा खांदा

पत्र

डॉक्टर ताई, नमस्कार. मी अंमळनेरजवळच्या एका गावात शाळेवर पीटीचा शिक्षक आहे. वय ३१. लहानपणापासून तालमीत जातो, व्यायामाला एक दिवसाचा खाडा नाही. मागच्या वर्षी आम्ही चार मित्रांनी मालवणला स्कुबाचा, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरण्याचा, कोर्स केला. शेवटच्या दिवशी दोन डाइव्ह झाल्या, एक १८ मीटरपर्यंत. संध्याकाळी रूमवर मी नेहमीप्रमाणे १०० जोर आणि २०० बैठका मारल्या. रात्री जेवताना उजवा खांदा आतून ठणकायला लागला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झाल्यासारखं वाटलं. मित्र म्हणाले, जोर जास्त झाले, लचक भरली असेल. गोळी घेतली आणि पहाटे गाडीने आंबोलीमार्गे निघालो. घाटात दुखणं वाढलं. घरी आल्यावर तीन-चार दिवसांत आपोआप थांबलं.

आता डिसेंबरात परत जायचं आहे. तीन दिवस, रोज दोन डाइव्ह, आणि तिसऱ्या दिवशी दुपारीच आंबोलीला मुक्कामाला. ग्रुपमधला एक जण म्हणतो, डाइव्हनंतर व्यायाम करायचा नसतो. मला पटत नाही. व्यायामाने रक्त जोरात फिरतं, मग अंगात मुरलेला नायट्रोजन उलट लवकर बाहेर पडायला हवा ना? आणि तीन दिवस व्यायाम बंद ठेवला तर शरीर ढिलं पडेल त्याचं काय?

उत्तर

भाऊ, तू विचारलंस व्यायामाबद्दल, पण मी आधी खांद्याबद्दल बोलणार. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'घाटात दुखणं वाढलं' या तीन शब्दांपाशी थांबले. जोर मारून भरलेला खांदा मालवणला जेवढा दुखतो तेवढाच आंबोलीला दुखतो. लचकेला उंची कळत नाही. समुद्रसपाटीवरून साधारण ७०० मीटर वर चढल्यावर ज्याचं दुखणं वाढलं, त्याच्या सांध्यात काहीतरी फुगत होतं का, ही शंका डॉक्टरला घ्यावीच लागते.

पत्रावरून निदान करता येत नाही, आणि मी करणारही नाही. जोर मारताना कोपराजवळची नस दबली तरी नेमकी हीच दोन बोटं बधिर होतात. पण पाण्याखालून वर आल्यावर चोवीस तासांच्या आत उठलेलं सांध्याचं ठणकणं, मुंग्या, बधिरपणा हे डीकम्प्रेशन सिकनेस, म्हणजे दाब उतरल्यावर अंगात वायूचे बुडबुडे होण्याचा आजार, धरूनच चालायचं, दुसरं कारण पक्कं सापडेपर्यंत. डायव्हिंगवाले त्याला 'बेंड्स' म्हणतात. तुझं ते आपोआप थांबलं, ते बरंच झालं. पण थांबलं म्हणून ते काही नव्हतंच, असा अर्थ काढू नकोस.

लग्नाआधी चार वर्षं मी मुंबईत एका रुग्णालयाच्या प्रेशर चेंबरवर, म्हणजे आतला दाब वाढवता येतो अशा बंद खोलीवर, काम केलं. तिथे आलेला एक तरुण अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. खांदा दुखत होता, पण तो दाबून दुखत नव्हता. हात फिरवला तरी फारसा फरक नाही, उजवीकडे वळून झोपला तरी तेच, डावीकडे वळला तरी तेच. 'हाडाच्या आत कोणीतरी बसलंय,' असं तो म्हणत होता. त्याआधी दोन दिवस त्याला एका ठिकाणी मलम आणि शेक सांगितला होता, कारण त्याने डायव्हिंगचा उल्लेखच केला नव्हता आणि समोरच्याने विचारलं नव्हतं. आम्ही त्याला चेंबरमध्ये घेतलं, दाब १८ मीटर खोलीइतका नेला, मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला. जाड गोल काचेतून मी बघत होते. काही मिनिटांत त्याने तो हात हळूच उचलला, डोक्यावर नेला, केसांतून फिरवला आणि काचेकडे बघून हसला. तो उपचार पावणेपाच तासांच्या आसपास चालतो. बाहेर आल्यावर त्याने पहिल्यांदा कबूल केलं की त्या संध्याकाळी तो बोटीवरच्या टाक्या उचलायला लागला होता, हौसेने, सगळ्यांना मदत म्हणून.

आता तुझा मूळ प्रश्न. तुझं डोकं योग्य दिशेला चाललंय, हे आधी सांगते. १९०८ साली जे. एस. हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत बसवली. त्यांनाही वाटलं होतं, की वर येताना पाणबुड्याने हातपाय हलवत राहावं, म्हणजे रक्त फिरेल आणि नायट्रोजन निघेल. म्हणजे तुझा विचार जुना आहे आणि अर्धा खराही आहे. गडबड उरलेल्या अर्ध्यात आहे.

तू विहिरीत पोहायला शिकला असशील. आपल्याकडची पोरं काठावरून सूर मारून तळाचा दगड काढून आणतात, त्यांना हा आजार होत नाही. कारण त्यांच्या छातीत वरून नेलेला एकच श्वास असतो. तो कितीही दाबला तरी त्यात नायट्रोजन तेवढाच, आणि वेळ मिनिटभराचा. टाकी पाठीला लावली की हिशेब बदलतो. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, आणि रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र, तुला त्या दाबाचीच हवा देतो. १८ मीटरवर तुझा प्रत्येक श्वास वरच्यापेक्षा २.८ पट नायट्रोजन घेऊन येतो. हवेत नायट्रोजन ७८ टक्के. शरीराला त्याचा उपयोग नाही, म्हणून तो रक्तात विरघळतो आणि रक्त जिथे जाईल तिथे मुरतो.

मुरण्याचा वेग सगळीकडे सारखा नसतो. शेतात बघ, मुरमाड रानाला पाणी दिलं की लगेच पितं आणि दुसऱ्या दिवशी कोरडं. तापीकाठची काळी जमीन हळू पिते, पण एकदा पिली की आठवडाभर ओल धरून ठेवते. रक्त, मेंदू, मूत्रपिंड ही शरीराची मुरमाड रानं. सांध्यांचे अस्थिबंध, कूर्चा, चरबी ही काळी जमीन. तू डाइव्ह संपवून बोटीवर बसून चहा घेतोस, तोवर मुरमाड रान बरंचसं सुकलेलं असतं. काळ्या जमिनीत ओल तशीच असते, आणि दुसऱ्या डाइव्हला तू त्याच ओलीवर पुन्हा पाणी सोडतोस. म्हणून एका दिवशी दोन डाइव्ह झाल्या की संध्याकाळचा खांदा आणि गुडघा हे वरून कितीही ठीक दिसले तरी आतून भरलेले असतात.

सावकाश वर आलं तर हा नायट्रोजन विरघळलेल्याच रूपात रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासातून जातो. त्यासाठीच मिनिटाला साधारण ९ मीटरचा वेग आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबणं शिकवतात. पण नियम पाळूनही काही नायट्रोजनचे बारीक बुडबुडे होतातच. अल्ट्रासाउंड लावला तर ठणठणीत पाणबुड्यांच्या हृदयातही ते दिसतात, आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. फुप्फुसं ते गाळून घेतात. तुझ्या तर्कातली फट नेमकी इथे आहे. विरघळलेला नायट्रोजन रक्ताच्या वेगाने वाहून जातो, बुडबुडा झालेला जात नाही. तो जिथे झाला तिथे अडतो, फुगतो, नस दाबतो, रक्तवाहिनीच्या अस्तराला त्रास देतो. डाइव्हनंतर लगेच घाम काढणारा व्यायाम केलास, की नायट्रोजन बाहेर पडण्याच्या जोडीला नवे बुडबुडे बनण्याचं कामही वेगात सुरू होतं, आणि ते जास्त वेगात.

आत्ता एक कर. डाव्या हाताचं मधलं बोट उजव्या हाताने ओढ. 'कट्' आवाज येईल. सांध्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये चिकट द्रव असतो. ते झटक्यात दूर गेले की त्या द्रवात क्षणभर पोकळी तयार होते, हा त्याचा आवाज. आता विचार कर, त्या द्रवात आणि आजूबाजूच्या कूर्चेत नायट्रोजन ठासून भरलाय, आणि तू शंभर वेळा खांद्याच्या सांध्यावर अंगाचा भार टाकून काढतोयस. प्रत्येक पोकळीत शिरायला वायू तयारच बसलेला आहे. बैठकांमध्ये हेच गुडघ्याचं होतं. दुखणं खांद्यात उठलं आणि व्यायामही खांद्याचाच झाला होता, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

दुसरी गोष्ट जोर मारतानाच्या दमाची. तालमीत आपण दम कोंडून जोर काढतो. तसं केलं की छातीतला दाब चढतो, आणि दम सोडल्याबरोबर हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे रक्ताचा लोंढा येतो. आईच्या पोटात असताना प्रत्येकाच्या हृदयाच्या उजव्या आणि डाव्या कप्प्यांमध्ये एक झडपेसारखं भोक असतं. जन्मानंतर ते बंद होतं. साधारण चारांतल्या एकाचं ते पुरतं बंद होत नाही, आणि त्याला आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो, कारण एरवी त्याने काही बिघडत नाही. पण डाइव्हनंतर उजव्या बाजूला बुडबुडे फिरत असताना जोर लावला, तर ती झडप उघडून बुडबुडे फुप्फुसाची गाळणी टाळून थेट डाव्या बाजूला जातात, आणि तिथून मेंदू आणि मज्जारज्जूकडे. ज्यांना असं भोक नाही त्यांच्याही फुप्फुसातले काही आडमार्ग जोरदार व्यायामात उघडतात. बधिर बोटांचं तू लिहिलंस, तेव्हा माझ्या मनात आधी हे आलं.

म्हणजे व्यायाम वाईट, असं मी म्हणत नाही. तू पीटीचा शिक्षक आहेस, वर्षभर पोरांना पळवतोस, त्याचा पाण्याखाली तुला फायदाच आहे. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला विस्लॉफ आणि ब्रुबाक यांनी २००१ मध्ये उंदरांवर दाखवलं, की दमसास वाढवणारा सराव केलेल्या उंदरांत बुडबुडे कमी होतात आणि जास्त उंदीर वाचतात. मग २००४ मध्ये क्रोएशियातल्या स्प्लिटला दुयिच आणि त्यांच्या गटाने १२ पाणबुड्यांना डाइव्हच्या २४ तास आधी ४० मिनिटं ट्रेडमिलवर पळवलं, थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश, असं आलटून पालटून. दुसऱ्या दिवशी चेंबरमध्ये १८ मीटरची डाइव्ह केल्यावर त्यांच्या हृदयात बुडबुडे एरवीपेक्षा कमी निघाले. कारण रक्ताचा वेग नव्हे, तो तर पळणं थांबल्यावर तासाभरात उतरतो. व्यायामाने रक्तवाहिनीच्या अस्तरात जो बदल होतो, त्यामुळे बुडबुड्यांना चिकटून वाढायला जागा कमी मिळत असावी, असा अंदाज आहे. हे प्रयोग बुडबुडे मोजण्याचे होते, आजार मोजण्याचे नव्हते. म्हणून 'आदल्या दिवशी पळालो, आता मला काही होणार नाही' असं कोणी समजू नये. पण वर्षभराची तयारी उपयोगी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तुझ्यासाठी याचा अर्थ असा. जड व्यायाम, म्हणजे जोर, बैठका, वजन, वेगाने पळणं, हे पहिल्या डाइव्हच्या चोवीस तास आधी आटपायचं आणि शेवटच्या डाइव्हनंतर चोवीस तास झाल्यावरच पुन्हा सुरू करायचं. चोवीस हा आकडा काटेकोर मोजून काढलेला नाही, सावधगिरीचा आहे, पण डायव्हिंगच्या वैद्यकात तोच सांगितला जातो आणि मीही तोच सांगते. आधी थांबण्याला आणखी एक साधं कारण आहे. आदल्या दिवशी जोर मारून खांदा भरलेला असला, आणि डाइव्हनंतर खांदा दुखला, तर ते दुखणं कशाचं हे तुलाही कळणार नाही आणि मलाही नाही. तालमीतली तेलाची रगडून मालिशही त्याच कारणासाठी त्या दिवसांत नको. संध्याकाळी कडक गरम पाण्याची लांबलचक आंघोळही नको. कातडी एकदम तापली की तिथला विरघळलेला वायू सुटतो, आणि अंगाला खाज किंवा निळसर-तांबूस जाळी उठू शकते.

मधल्या तीन दिवसांत रिकामं बसायचं असंही नाही. किनाऱ्यावर सावकाश चाल, हातपाय हलके ताण, सिंधुदुर्ग किल्ल्यात फिर. तो समुद्रातच उभा आहे, चढण नाही. तीन दिवस जोर न मारल्याने तुझं शरीर ढिलं पडणार नाही. ताकद उतरायला आठवडे लागतात, आणि तू स्वतः पोरांना परीक्षेआधी विश्रांतीचे दिवस देतोस.

पाण्याखालचं मात्र जपून. तळाशी असताना जोराने पाय मारले, प्रवाहाशी झुंजलास, की स्नायूंकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि त्याच वाटेने नायट्रोजनही जास्त आत जातो. ठिबकऐवजी पाट सोडल्यासारखं. शिवाय टाकी लवकर संपते आणि घाईने वर यावं लागतं. तालमीतल्या माणसाला पाण्याखाली संथ राहणं अवघड जातं, त्याला वाटतं ताकद आहे तर वापरावी. तू ती वापरू नकोस. मासा दिसला की त्याच्यामागे धावू नकोस, प्रवाह असेल तर गाइडला खूण कर आणि मागे फिर. आणि वर येताना, ५ मीटरवर थांबलास की तिथे तुझा तर्क लागू पडतो. तिथे सावकाश पाय हलवत राहिलं तर नायट्रोजन निघायला मदतच होते. तेव्हा अंग उबदार असणंही चांगलं. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये दाखवलं, की तळाशी गरम आणि वर येताना गारठलेला पाणबुड्या सर्वांत जास्त धोक्यात असतो. तळाशी खूप हालचाल आणि वर येताना थिजून गप्प, हीच सवय बहुतेक नवख्यांना असते. तू याच्या बरोबर उलट वाग.

बोटीची शिडी ही लोकांच्या लक्षात न येणारी जागा. भरलेली टाकी १५ ते १७ किलोची, वर वजनाचा पट्टा, बोट हलते, आणि पाण्यातून नुकताच वर आलेला माणूस दम कोंडून शिडी चढतो. टाकी आणि पट्टा पाण्यातच सोडव, बोटीवरच्या माणसाकडे दे आणि मोकळ्या अंगाने चढ. त्यात कमीपणा नाही. मालवणची जुनी डायव्हिंगवाली माणसंही हेच करतात. इतरांच्या टाक्या उचलायला धावू नकोस. चेंबरमधल्या त्या पोराची मदतीची हौस त्याला पुरेशी महागात पडली.

आता घाट. इथे मला तुझा बेत सरळ मोडायचा आहे. डाइव्हनंतर विमानात बसण्याचा नियम तुला कोर्समध्ये सांगितला असेल. एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा सलग दिवसांच्या डाइव्ह असतील तर किमान १८ तास थांबायचं. हा नियम फक्त विमानाचा आहे असं लोकांना वाटतं. खरा नियम उंचीचा आहे, आणि तो ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे. आंबोली त्याच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण ८ टक्क्यांनी कमी असतो. अंगातले बुडबुडे तेवढे फुगतात आणि विरघळलेला वायूही जास्त सुटायला बघतो. मालवणहून दुपारी निघून तू दोन-अडीच तासांत घाटमाथ्यावर असशील. मागच्या वेळी पहाटे निघालास तेव्हाही १८ तास झालेले नव्हते. गगनबावड्याने गेलास तरी तेच. आपल्याला खान्देशात यायचं तर सह्याद्री बहुतेक वाटांनी कुठून तरी चढून उतरावा लागतो, म्हणून आपल्याकडच्या माणसाने हा हिशेब कोकणातल्या माणसापेक्षा जास्त नेमाने ठेवायला हवा. अंमळनेरकरांना एक घाट नसलेली वाट आहे, मुंबई-सुरत आणि तिथून नंदुरबारमार्गे तापी खोऱ्यातून येणारी रेल्वे. पण त्यासाठी एवढा वळसा घ्यायची गरज नाही. शेवटची डाइव्ह दुसऱ्या दिवशी सकाळी संपव. तिसरा दिवस किल्ला, बाजार, मालवणी जेवण. चौथ्या दिवशी सकाळी घाट चढ. डाइव्ह सहाऐवजी तीन किंवा चार होतील. आणि परतल्यावर लगेच तोरणमाळला जायचं म्हणत असशील, तर तेही दोन दिवसांनी. ते साधारण साडेअकराशे मीटरवर आहे.

पण हे सगळं तेव्हा, जेव्हा तुला डाइव्ह करायची परवानगी मिळेल. बुकिंगच्या आधी डायव्हिंगचं वैद्यक शिकलेल्या डॉक्टरला भेट. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात नौदलाची वैद्यक संस्था आहे. अशा विषयात काम केलेली माणसं मुंबई-पुण्यात सापडतात, फोनवरही बोलता येतं. त्यांना मागच्या वर्षीच्या दोन्ही डाइव्हची खोली, वेळ, मधली विश्रांती, जोर किती वाजता मारले, दुखणं किती वाजता उठलं, घाटात काय झालं, हे लिहून दाखव. लॉगबुक, म्हणजे डाइव्हची नोंदवही, असेलच. आणि बधिरपणा होता म्हणून हृदयाची बबल इको करून घे. हाताच्या शिरेतून हवेचे अगदी बारीक फुगे मिसळलेलं सलाइन देतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर ते उजवीकडून डावीकडे जातात का ते बघतात. त्यात तुला दम कोंडून जोर लावायला सांगतील. तो नीट लाव, खरी परीक्षा तिथेच आहे. आपल्याकडचे हृदयरोगतज्ज्ञ ही तपासणी करतात, मात्र कशासाठी हवी ते सांगावं लागतं.

पुढे कधी डाइव्हनंतर पुन्हा असं काही झालं, तुला किंवा बरोबरच्या कुणाला, तर गोळी घेऊन झोपायचं नाही. गोळीने दुखणं दबतं आणि बुडबुडा आत राहतो. माणसाला आडवं झोपवायचं, मास्कने शुद्ध प्राणवायू पूर्ण धारेने सुरू करायचा आणि बोटीवरच्या जबाबदार माणसाला सांगायचं. पुन्हा पाण्यात उतरून 'जिरवायचं' नाही, असा सल्ला कोणी दिला तरी. मालवणला पोचल्या दिवशीच विचारून ठेव, बोटीवर ऑक्सिजनची टाकी आहे का, भरलेली आहे का, जवळचा चालू चेंबर कुठला. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था १९८० पासून याच कामासाठी आहे, तिचा चोवीस तासांचा फोन आणि विमा असतो, तो काढून ठेव. आणि चेंबर म्हणजे शहरात थकवा घालवायला म्हणून जे फुगवायचे तंबू मिळतात ते नव्हेत. त्यांचा दाब जेमतेम १.३ वातावरण असतो, आपल्याला २.८ लागतो.

लक्षणं लघवी अडणं, पायातली ताकद जाणं, तोल जाणं, छातीत घुसमट अशी असली तर एक मिनिटही घालवू नकोस, १०८ ला फोन कर. घरी आल्यावर उठलं तरी उशीर झाला म्हणून सोडून देऊ नकोस, दोन-तीन दिवसांनी केलेल्या उपचारानेही फरक पडतो. अंमळनेर-जळगावच्या कुठल्याही दवाखान्यात गेलास तर डॉक्टरने विचारायची वाट बघू नकोस. आपल्याकडे समुद्र शेकडो किलोमीटर लांब, खांदा दुखणारा माणूस परवा पाण्याखाली होता हे कुणाच्या मनात येणार? दारातच सांग: 'मी परवा सकाळी १८ मीटर खोल डाइव्ह केली आणि हे दुखणं त्यानंतर उठलं.'

त्या मित्राला, ज्याचं तुला पटलं नव्हतं, हे उत्तर वाचायला दे. त्याला हे कुठून कळलं माहीत नाही, पण तुमच्या चौघांत असा एक जण आहे हे चांगलं आहे. बबल इकोचा रिपोर्ट आला की मला कळव. त्यात भोक निघालं तर खोली, वेळ आणि दिवसाला किती डाइव्ह, हा सगळा बेत नव्याने मांडावा लागेल, तो आपण तेव्हा बोलू.